सक्तीची रजा

१

कार्तिकी पौर्णिमा होऊन आठवडा उलटला होता आणि ग्वाल्हेरच्या सकाळी आता धुक्यात उगवू लागल्या होत्या. अशाच एका गुरुवारी, किला गेटकडून वर फिरायला निघालेल्या माणसांना तटाखालच्या दगडांत अंबरीश टेंबे पडलेला दिसला. पायात बूट होते, गळ्यात मफलर होता आणि जीव नव्हता. वर तटाच्या कठड्यावर त्याचा मोबाईल होता. फुटलेला नाही, पडलेला नाही. बंद करून, पालथा, कुणी नीट ठेवावा तसा ठेवलेला.

दुपारपर्यंत लष्कर भागातल्या सगळ्या मराठी घरांत बातमी पोचली, आणि संध्याकाळपर्यंत तिला शेपूटही फुटलं. अंबरीशने म्हणे मुंबईच्या कंपनीत मोठा घोटाळा केला होता. पकडला जाणार हे कळलं म्हणून उडी मारली. जाताना साहेबाला मोबाईलवर कबुलीही पाठवली. पोलिसांचं समाधान झालं, कंपनीचं समाधान झालं, आणि ज्यांना या प्रकरणातलं ओ की ठो कळत नव्हतं त्यांचं तर सगळ्यात आधी झालं.

समाधान झालं नाही ते गोरखीजवळ राहणाऱ्या इंदुताई गर्द्यांचं. इंदुताई म्हणजे सेबीतून निवृत्त झालेल्या अधिकारी. शेअरबाजारातल्या लबाड्या शोधण्यात त्यांची उमर गेली होती आणि नाकावर माशी बसू न देण्याची सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती. अंबरीशला त्यांनी शाळेच्या गणवेशात पाहिलेलं. रस्ता मोकळा असला तरी सिग्नलला थांबणारा मुलगा होता तो. असा मुलगा चोरी करतो यावर त्यांचा विश्वास बसेना. पण विश्वास बसत नाही हा काही पुरावा नव्हे, हेही त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं.

तिसऱ्या दिवशी अंबरीशच्या बायकोचा, गरिमाचा फोन आला. आवाज अगदी सपाट होता.

"इंदुमावशी, ऑफिसच्या मॅडम येऊन गेल्या. एका कागदावर सही मागतायत. सही केली नाही तर मलापण केसमध्ये घेतील म्हणाल्या."

२

टेंब्यांचा फ्लॅट किला गेटपाशीच, तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीत उभं राहिलं की समोर आकाश कमी आणि तट जास्त. गरिमा त्या गॅलरीकडे पाठ करून बसली होती. सुतकाचं घर, म्हणून इंदुताईंनी पाणीही घेतलं नाही. सरळ कागद मागितला.

कागद गोड भाषेत लिहिलेला होता. आपल्या पतीने कंपनीच्या खरेदीची माहिती बाहेर पुरवली हे आपल्याला मान्य आहे, कंपनीबद्दल आपली कसलीही तक्रार नाही, वगैरे. सही केली की प्रकरण मिटणार होतं. अंबरीश मात्र कायमचा चोर ठरणार होता.

"कधीपर्यंत?" इंदुताईंनी विचारलं.

"तेरावं झालं की येते म्हणाल्या." गरिमाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मावशी, मी सही नाही करणार. पण त्यानं खरंच केलं असेल तर? माझ्याशी खोटं बोलला असेल तर? रात्रभर हेच चाललंय दिमागात."

"त्या सकाळचं सांग."

"सोमवारपासून मुंबईहून येऊन इथे घरीच होता. ती त्यांची सक्तीची रजा असते ना, ती मिळाली होती. आठवड्याची. अचानक दिली. कार्ड बंद, कॉम्प्युटर बंद, ऑफिसचं काही बघायचंच नाही. बुधवारी रात्री म्हणाला, सकाळी किल्ल्यावर जाऊन येतो. गुरुवारी उजाडताच निघाला. मी म्हटलं, चहा घेऊन जा. म्हणाला, आलो की घेतो. आणि म्हणाला..." ती थांबली. "म्हणाला, डिसेंबरातला एक दिवसपण मागून येतो. मला वाटलं वर जाऊन फोन करणार असेल. आमच्या घरात नेटवर्क नीट नसतं."

"आणि फोन केला?"

"पोलीस म्हणतात, त्या दिवशी त्यानं कुणालाच फोन नाही केला. एक मेसेज गेला फक्त. त्याच्या साहेबांना, तरुण सरांना. तो त्यांनी मला दाखवलापण नाही. म्हणाले, तेरावं होऊ द्या."

इंदुताई उठल्या. जिना उतरताना त्यांनी वर पाहिलं. गॅलरीचं दार आतून कुणीतरी घट्ट लावून घेत होतं.

३

तरुण सक्सेना मूळचा कानपूरचा. मुंबईत राहून मराठी बोलायला शिकला होता, पण घाबरला की हिंदीत शिरायचा. इंदुताईंच्या दिवाणखान्यात तो सुरुवातीपासून हिंदीतच होता.

'ऑस्टरवाल' ही त्यांची कंपनी जगभरातल्या लोकांचे पैसे सांभाळते. निवृत्त शिक्षकांचे, कारखान्यातल्या कामगारांचे, कुठल्या कुठल्या देशांतल्या पेन्शनचे. सांभाळते म्हणजे हात लावत नाही. पैसे आणि शेअर असतात वेगळ्या बँकेकडे. कंपनी फक्त ठरवते, काय घ्यायचं आणि काय विकायचं.

"म्हणजे पैसा चोरायची सोयच नाही," इंदुताई म्हणाल्या.

"नाही मॅडम. चोरीला जाते ती खबर." तरुणने ओठांवरून जीभ फिरवली. "आम्ही एखादी कंपनी एवढी घेतो की भाव चढतोच. ज्याला आधी कळलं त्यानं आधी घेऊन ठेवलं की आमच्याच खरेदीवर त्याचा फायदा. आणि आमच्या माणसांना तोच शेअर महाग पडतो. वो टीचर, वो मजदूर, उनकी जेब से जाता है."

"आणि तुमच्याकडे कोण काय करतं?"

"मी ठरवतो. मग ऑर्डर कंप्लायन्सकडे जाते. नियम तोडला जात नाही ना, एकाच कंपनीत हद्दीबाहेर पैसा जात नाही ना, हे राजलक्ष्मी मॅडम बघतात. त्यांनी हो म्हटलं की डीलरच्या पडद्यावर. डीलर म्हणजे अंबरीश. तो बाजारातून घ्यायचा. डीलरच्या खोलीत मोबाईल चालत नाही. रोज सकाळी कंप्लायन्सवाले हात पुढे करतात, मोबाईल बंद करून द्यावा लागतो. फोन सगळे रेकॉर्ड."

"तरी खबर फुटली."

"सात-आठ महिन्यांपासून. सेबीची नजर एका खात्यावर गेली. दतियाचं खातं. दतिया म्हणजे इथून बाजूलाच, और अंबरीश ग्वालियर का. मग मॅडमनी त्याला सक्तीच्या रजेवर पाठवलं. त्या आठवड्यात त्या खात्यात एक सौदा नाही. एकही नाही, मॅडम."

सक्तीच्या रजेचा अर्थ इंदुताईंना कुणी सांगायला नको होता. हा नियम त्यांच्या फार आवडीचा. माणूस चोरी करत असेल तर त्याला रोज येऊन ती झाकावी लागते. वर्षातून एकदा त्याला अचानक घरी बसवा, चावी काढून घ्या. चोरी उघडी पडते, नाहीतर थांबते. इथे ती थांबली होती.

"मेसेज दाखवा."

तरुणने मोबाईल पुढे केला. हिंदीत दोन ओळी होत्या. सर, सब मैंने किया है। आज पिताजी की तिथि है, उन्हीं के पास जा रहा हूँ।

"आणि होती का तिथी?"

"होती ना. रजेच्या बोलण्यात त्यानं राजलक्ष्मी मॅडमना सांगितली होती. मॅडमनी पोलिसांना सांगितलं. दिग्विजयसिंह इन्स्पेक्टर आहेत, त्यांनी पंचांग उघडून पाहिलं, बिलकुल वही." त्याने मोबाईल परत घेतला. "त्याचे वडील गेले तेव्हा मी आलो होतो इथे. पिछले दिसंबर. इतनी ठंड थी कि घाटावर हात सुन्न झाले होते. मला वाटलं, तिथी डिसेंबरातच येईल. पण अम्माला विचारलं, तर म्हणाली, तिथी सरकती है बेटा."

तो गेल्यावर इंदुताई बराच वेळ खिडकीशी उभ्या होत्या. कुठेतरी पाणी मुरत होतं, पण कुठे ते सापडत नव्हतं. खालच्या रस्त्यावर एक पांढरी गाडी काचा चढवून उभी होती. तरुणची रिक्षा वळेपर्यंत ती तिथेच होती, मग हळूच निघून गेली.

४

अंबरीशचा जिवाभावाचा मित्र समरजीत फाळके. फूलबागेत त्याचं छोटंसं दुकान, लोकांना म्युच्युअल फंड घेऊन देण्याचं. त्याच्यावरही पोलिसांचा डोळा होता. मित्र मुंबईत खरेदी करतो, हा इथे गिऱ्हाइकांना सल्ले देतो. संशयाला आणखी काय लागतं?

"मावशी, माझी सगळी खाती तपासली त्यांनी," समरजीत म्हणाला. उंचापुरा गडी, पण आठवड्यात वाळला होता. "तिथे काही असतं तर मिळालं असतं ना. मला डर माझा नाही. गरिमावहिनी सही करतील याचा आहे."

"तो तुझ्याशी काही बोलला?"

समरजीतने दुकानाचं काचेचं दार ओढून घेतलं.

"मंगळवारी इथेच बसला होता. म्हणाला, समर, काहीतरी गडबड आहे. माझ्या पडद्यावर ऑर्डर यायच्या आधीच भाव हलायला लागतो. एकदा झालं, दोनदा झालं, मी म्हटलं योगायोग. पण आता घरी बसून मागचं सगळं आठवून पाहिलं तर प्रत्येक मोठ्या ऑर्डरला हेच. मला कळायच्या आधी बाजाराला कळतं."

इंदुताई खुर्चीत पुढे सरकल्या. "मग?"

"मी म्हटलं, गप बस, रजा संपव आणि नोकरी बदल. तर म्हणे, नाही, संशय आला तर सांगायचं असा नियम आहे. वरती सांगणार."

"वरती म्हणजे कुणाला?"

"ते नाही बोलला. मला वाटलं तरुण सरांना." त्याने डोळे पुसले, आणि मग काहीतरी बोलायचं म्हणून बोलला, "पुढच्या महिन्यासाठी आचारी सांगून ठेवलाय मी, ॲडव्हान्सपण दिलाय. वहिनींना कसं विचारू, ठेवायचा की नको? या वेळी असं विचारायची हिंमतच होत नाही."

इंदुताईंचं तिकडे लक्ष नव्हतं. खबर अंबरीशच्या आधी फुटत होती. म्हणजे अंबरीशच्या वरच्या माणसाकडून. आणि वर फक्त दोन माणसं होती. त्यांतल्या एकाला अंबरीशने जाऊन विश्वासाने सगळं सांगितलं होतं.

५

राजलक्ष्मी जाधव फूलबागेजवळच्या हॉटेलात उतरली होती. जाधव म्हणजे इथल्याच जुन्या घराण्यांतले; सासरचं घर गावात असूनही ती हॉटेलात राहिली होती, कारण ऑफिसच्या कामात नातेवाईक नकोत, असं तिचं म्हणणं. चाळिशीची, नीटस, बोलणं लोण्यासारखं. मराठी इतकं स्वच्छ की इंदुताईंना आपलंच गबाळं वाटलं.

"काय घेणार? पोहे चांगले आहेत इथले. मी फक्त फळं घेईन. मार्गशीर्षातला गुरुवार ना, उपास असतो माझा." ती हसली. "सासूबाईंनी वसा दिलाय. मुंबईच्या धावपळीत दिवसाचंसुद्धा भान राहत नाही, पण हा फोन बरोबर आठवण करतो. माहेरी बुंदेल्यांच्या घरात हे गुरुवार वगैरे काही नव्हतं."

उपासतापासांशी इंदुताईंचं कधीच जमलं नव्हतं. त्यांनी पोहे मागवले.

"तुम्ही कधीपासून आहात ऑस्टरवालमध्ये?"

"गुढीपाडव्याच्या सुमारास आले. आणि आल्या आल्या हे." राजलक्ष्मीने संत्र्याची फोड सोलली. "वाईट वाटतं हो. हुशार मुलगा होता. रजेचं बोलणं झालं तेव्हा वडिलांच्या तिथीला घरी असायला मिळालं तर बरं, म्हणाला होता. तोच आठवडा दिला मी. वाटलं, घरच्यांत असेल. तर बघा काय करून बसला."

"तुम्हाला कधी कळलं?"

"तरुणचा फोन आला गुरुवारी. शुक्रवारी मी इथे."

"त्याने तुमच्याकडे कसला संशय व्यक्त केला होता?"

संत्र्याची फोड क्षणभर बोटांतच राहिली.

"चोर संशय व्यक्त करतो का, इंदुताई?" मग तिचा आवाज आणखी मऊ झाला. "तुम्ही अनुभवी आहात. गरिमाला सांगा, सही कर आणि मोकळी हो. नाहीतर नवऱ्याच्या गुन्ह्यात बायकोचं नाव यायला वेळ लागत नाही. आणि तुम्हीही जपा. एकट्या राहता ना गोरखीपाशी? धुकं फार पडायला लागलंय. या वयात एकटीनं चढउतार नको."

इंदुताई बाहेर आल्या तेव्हा पोह्यांची चव तोंडात नव्हती. हॉटेलच्या आवारात एक पांढरी गाडी काचा चढवून उभी होती.

६

पुढचे दिवस वाईट गेले. इंदुताईंना खात्री होती, पण खात्रीला उभं राहायला पाय नव्हते. ऑर्डर तरुणकडून निघत होती, राजलक्ष्मीकडून जात होती. खबर दोघांपैकी कुणीही फोडली असेल. त्यांनी सेबीतल्या जुन्या सहकाऱ्यांना फोन केले. दतियाच्या खात्याची चौकशी चालू आहे, वेळ लागेल, एवढंच उत्तर आलं. तेरावं झालं. गुरुवारी संध्याकाळी कागद घ्यायला येते, असा राजलक्ष्मीचा गरिमाला निरोप आला.

त्या गुरुवारी सकाळी शेजारच्या मंदाताई ताम्हन घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"इंदू, तुझ्या अंगणातल्या आंब्याच्या डहाळ्या तोडते गं. बाकीच्या चार झाडांच्या मिळाल्या, आंबाच राहिला. घट मांडायचाय. आज पहिला गुरुवार ना मार्गशीर्षातला."

"तोड की," इंदुताई म्हणाल्या आणि आत वळल्या. दोन पावलं गेल्या आणि थांबल्या.

"मंदा, पहिला? मागच्या गुरुवारी नव्हता?"

"मागच्या गुरुवारी कसा असेल? तेव्हा कार्तिकच चालू होता. हां, या हिंदीवाल्यांचा मार्गशीर्ष कार्तिकी पौर्णिमेनंतरच लागतो. त्यांचं आपलं वेगळं."

इंदुताईंनी तिथल्या तिथे फोन उचलला.

"गरिमा, तुझ्या सासऱ्यांची तिथी कोणती?"

"मार्गशीर्ष वद्य नवमी. का?"

"वर्षश्राद्ध कधी आहे?"

"अजून अवकाश आहे, मावशी. डिसेंबरात. गुरुजींना सांगून ठेवलं होतं त्यानं. समरभावजींनी आचारी पाहिलाय. त्यासाठीच तर तो एक दिवस..." गरिमाचा आवाज तुटला.

इंदुताई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. इतके दिवस उत्तर डोळ्यांसमोर होतं आणि त्या पोहे खात बसल्या होत्या. स्वतःचाच राग आला त्यांना, आणि त्याहून जास्त भीती वाटली. आज संध्याकाळी ती बाई गरिमाच्या घरी येणार होती.

७

राजलक्ष्मी आली तेव्हा बाहेर धुकं उतरायला लागलं होतं आणि तटावरचे दिवे मिणमिणत होते. खोलीत गरिमा होती, समरजीत होता, तरुण होता. इंदुताई खुर्चीत. कोपऱ्यात एक साध्या कपड्यांतले गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते. राजलक्ष्मीची नजर त्यांच्यावर पडली आणि तिथे क्षणभर जास्त राहिली. दिग्विजयसिंह इन्स्पेक्टरांना तिने ओळखलं होतं.

"सही झाली का, गरिमा?"

"होईल," इंदुताई म्हणाल्या. "आधी घरातलं एक विचारते. सासऱ्यांचं वर्षश्राद्ध राहिलंय ना?"

राजलक्ष्मीने हळहळून मान हलवली. "त्याच दिवशी तर तो गेला. ते आता राहूनच गेलं म्हणायचं."

गरिमाने प्रथमच मान वर केली.

"श्राद्ध डिसेंबरात आहे," समरजीत म्हणाला. "आचारी मी सांगितलाय. मार्गशीर्ष वद्य नवमी. आमचा मार्गशीर्ष तर आत्ता लागला."

तरुण एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत राहिला.

"तरुण, तुमच्यासाठी सांगते," इंदुताई म्हणाल्या. "आपल्या गावात दोन पंचांगं चालतात. तुमच्याकडे पौर्णिमा झाली की नवा महिना लागतो. आमच्याकडे अमावास्या झाली की. त्यामुळे शुद्ध पक्षात सगळे एकाच महिन्यात असतो, आणि वद्य पक्षात आमच्या-तुमच्यात महिन्याचं अंतर पडतं. अंबरीश गेला त्या दिवशी नवमी होती हे खरं. पण ती तुमच्या मार्गशीर्षाची. आमच्या कार्तिकाची. अंबरीशच्या वडिलांची तिथी त्यानंतर महिन्याने येणार होती, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गुरुजी ठरवून बसला होता तो. 'आज पिताजी की तिथि है' असं तो लिहूच शकत नव्हता. तो मेसेज दुसऱ्या कुणीतरी लिहिला."

"मी नाही," तरुण घाईने म्हणाला. "मैंने तो..."

"तुम्ही नाही. तुम्ही घाटावर उभे होतात. डिसेंबरातली थंडी तुमच्या हातांना आठवते. तिथी दहा-वीस दिवस सरकते, पण चाळीस दिवस सरकत नाही, हे तुम्हालाही खटकलं होतं. मेसेज तुम्ही लिहिला असतात तर डिसेंबर सोडून नोव्हेंबर कशाला निवडाल? समरजीतने तर आचाऱ्याला पैसे देऊन ठेवलेत. ज्याने तो लिहिला त्या माणसाला वडिलांच्या मृत्यूची तारीख माहीत नव्हती, फक्त तिथी माहीत होती, आणि ती त्याने हिंदी पंचांगात पाहिली. तुम्ही पाडव्याला नोकरीला लागलात, राजलक्ष्मी. वडील त्याच्या आधी गेले. तुम्हाला अंबरीशने सांगितली ती फक्त तिथी. तुमचा फोन हिंदी पंचांगावर चालतो. मागच्या गुरुवारी, आमचा कार्तिक संपायचा होता तेव्हा, तुम्ही माझ्यासमोर मार्गशीर्षाचा उपास केलात."

राजलक्ष्मी हसली, पण हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. "उपास केला म्हणून फाशी द्याल?"

"नाही. खबर अंबरीशच्या पडद्यावर यायच्या आधी फुटत होती, म्हणजे तरुण किंवा तुम्ही. मेसेज तरुणने लिहिला नाही. अंबरीश निघताना बायकोला म्हणाला, डिसेंबरातला एक दिवस मागून येतो. फोन त्याने कुणालाच केला नाही. म्हणजे रजा देणारं माणूस वर किल्ल्यावर प्रत्यक्ष भेटणार होतं. रजा तुम्ही देता. त्याला तुमचा संशय आला नव्हता, राजलक्ष्मी. त्याला वाटत होतं, खबर कुणीतरी चोरतंय, आणि नियम सांगतो की असा संशय आला तर कंप्लायन्सला कळवायचं. तो तुम्हाला कळवायला आला होता. बुधवारी कुठूनतरी त्याने तुम्हाला गाठलं असेल, आणि तुम्ही म्हणालात, फोनवर नको, मी सासरी आलेलीच आहे, वर भेटू."

इन्स्पेक्टरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "जाधव साहेबांच्या घरी विचारलं आम्ही," ते हिंदीत म्हणाले. "मॅडम बुधवारच्या रात्रीपासून इथेच होत्या. शुक्रवारी आल्या नव्हत्या."

"सक्तीची रजाही तुम्हीच दिलीत," इंदुताई पुढे म्हणाल्या. "आणि तो आठवडा खातं शांत ठेवलंत. चोर घरी बसला की चोरी थांबते, हे तुम्हाला माझ्याइतकंच माहीत. त्याला फक्त बदनाम करायचा तुमचा बेत होता. पण त्याने तोंड उघडलं आणि तेवढ्यावर भागेना, म्हणून त्याला तटावरून ढकललंत. खातं दतियाचं म्हणून सगळ्यांनी ग्वाल्हेरच्या मुलाकडे बोट दाखवलं. तुमचं माहेर कुठलं ते कुणी विचारलं नाही. बुंदेल्यांचं दतिया. आज दुपारी सेबीला मी तेवढंच विचारलं. खातं तुमच्या मामेभावाचं निघालं. सगळ्यांच्या नातेवाइकांची खाती जाहीर करून घेणं तुमचं काम. तुमची जाहीर करून घेणारं कुणी नव्हतं."

"आणि मोबाईल?" तरुणने खोल गेलेल्या आवाजात विचारलं.

"तो त्याने स्वतः दिला. रोज सकाळी द्यायचा ना, बंद करून. यांनी हात पुढे केला असेल, मेसेज तपासायचेत म्हटलं असेल. त्याने उघडून हातात ठेवला. वापरून झाल्यावर यांनी बंद करून पालथा ठेवला. तुमच्या ऑफिसात ठेवतात तसा."

तरुणने चेहरा ओंजळीत घेतला. राजलक्ष्मी गॅलरीच्या बंद दाराकडे पाहत होती. त्या पलीकडे धुकं होतं आणि धुक्यात तट होता. ती काही नाकारत नव्हती, काही कबूलही करत नव्हती. इन्स्पेक्टर उठून तिच्या शेजारी उभे राहिले तेव्हा तिने फक्त पर्स मांडीवरून उचलली.

गरिमा तिच्यासमोर येऊन उभी राहिली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच सरळ उभी होती.

"एकच सांगा मला. तिथीच्या रजेचं त्यानं विचारलं का तुम्हाला?"

राजलक्ष्मीने पर्स खांद्याला लावली. मग मान हलवली. नाही.

"कामाचंच बोलत होता," ती म्हणाली. "शेवटपर्यंत."

"विचारलं असतं तर तुम्हाला खरी तिथी कळली असती," इंदुताई म्हणाल्या. "मग तुम्ही तसला मेसेज पाठवला नसतात, आणि आम्हाला कधीच काही कळलं नसतं."

जिन्यावरून पावलं उतरत गेली. खाली गाडीचं दार वाजलं. समरजीतने गॅलरीचं दार उघडलं आणि गार हवा आत आली. गरिमाने टेबलावरचा सहीविना राहिलेला कागद उचलला, दोनदा दुमडला आणि हातातच धरून बसली. तिला रडू आलं ते खूप उशिरा, आणि रडताना ती किंचित हसलीही.

"आधी ऑफिसचं, मग घरचं," ती म्हणाली. "त्याची सवयच होती ती."